ओकारीच्या गोळ्यांचा भाव

माझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजूनही कळत नाही, त्याची माफी आधीच मागून ठेवते. कुणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पण चौथीपर्यंत शिकवलं ते मी नीट शिकले, आणि लिहिताना माझी जीभ अडखळत नाही. बोलताना अडखळते. माझी मोठी जाऊ म्हणते, "कोळीण असून लाजते, ही म्हणजे मीठ न लावलेलं सुकट. टिकणार कसं?"

आम्ही दोघी जोगेश्वरीच्या बाजारात एका ओट्यावर बसतो. म्हणजे ती बसते आणि विकते, मी मागे बसून कापते, साफ करते, पिशवीत भरते. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच. गिऱ्हाईक माझ्याशी बोललं तर मी तिच्याकडे बघायचे. तिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या दारापर्यंत जातो. कुणी भाव पाडून मागितला तर पापलेटाचा कल्ला उघडून त्याच्या नाकापुढे धरते. "बघ, कसा लाल आहे! स्वस्त पाहिजे तर दुपारी ये, तेव्हा कोणीपण देईल." मासळीत स्वस्त म्हणजे शिळं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मग केमो सांगितली. सरकारी योजनेच्या कार्डावर केमोची औषधं दवाखान्यातच मिळणार होती, त्यामुळे आम्ही सगळे जरा सैल झालो. पहिला डोस घ्यायच्या दिवशी नर्सबाईंनी एक चिठ्ठी दिली. "ह्या घरी न्यायच्या. ओकारीच्या. कार्डात बसत नाहीत, बाहेरून आणा."

दवाखान्याच्या फाटकासमोर औषधांचं दुकान आहे. चिठ्ठीवरची एक डबी तीन कॅप्सुलांची होती. एक केमोच्या आधी घ्यायची, बाकीच्या दोन पुढचे दोन दिवस. भाव ऐकून मी चिठ्ठी परत हातात घेतली. त्या तीन कॅप्सुलांत आमच्या घरचं आठवड्याचं वाणसामान आलं असतं. दुकानदार भला होता. आमचे चेहरे बघून त्याने दुसरी डबी काढली. "ही घ्या. दुसऱ्या कंपनीची. निम्म्याहून कमी."

जावेने डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि नाकाला लावली.

"याचे कल्ले दाखव आधी."

"काय म्हणालात?"

"एकच माल आणि निम्मा भाव? दुपारी दोन वाजता कोण स्वस्त देतं ते मला नको शिकवू, बाबा. ती पहिली दे."

मीही मान हलवली. मला तिचं अगदी बरोबर वाटलं. जिवाचं औषध शिळं कशाला घ्यायचं?

पहिला डोस बरा गेला. मळमळ झाली, पण पेज पोटात राहिली.

त्याच सुमाराला बोटी किनाऱ्याला ओढल्या होत्या. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, घरातले पुरुष जाळी विणत बसतात, आणि आम्ही बाहेरून आलेली बर्फातली मासळी थोडी थोडी आणून विकतो. त्यात हाताला फार काही लागत नाही. त्यातून आता ओट्यावर मी एकटीच होते. पहिल्या दिवशी मी पाटी मांडून नुसती बसले. गिऱ्हाइकं येत, माझ्याकडे बघत आणि पुढच्या ओट्यावर जात. दोन-तीन दिवसांनी मी एकदा "मांदेली घ्या" म्हणाले, तर ते माझं मलाच ऐकू आलं नाही. समोरून आवाज आला, "अगं, मांदेलीला सांगतेस का गिऱ्हाइकाला?"

समोरच्या ओट्यावरची ही म्हातारी सुकी मासळी विकते. तिचं आणि माझ्या जावेचं भांडण मी नवी नवरी असल्यापासून चालू आहे. आमच्या ओट्याचं पाणी उतारावरून तिच्या बाजूला जातं. ताज्या मासळीवर पाणी मारावंच लागतं, आणि सुक्या मासळीला पाण्याचा थेंब चालत नाही. दोघींचंही बरोबर, म्हणून भांडण मिटत नाही. ही पाणी मारते, ती शिव्या मारते.

पण बोटी बंद असतात तेव्हा बाजारात पैसा असतो तो सुक्या मासळीवालीकडेच. तेव्हा सगळे जवळा, सुके बोंबील, सोडे मागतात. दुसऱ्या डोसाची डबी घ्यायची वेळ आली तेव्हा मी सगळीकडे विचारून पाहिलं, आणि शेवटी त्या म्हातारीसमोर जाऊन उभी राहिले. तोंडातून शब्द निघेना. तिनेच विचारलं.

"किती?"

मी सांगितलं. तिने कमरेची पिशवी सोडली.

"तुझी जाऊ माझ्या बोंबलांना पाणी पाजते आणि मी तिला औषध पाजायचं. बरी गं तुम्ही! परत देशील ना?"

"देईन."

"जोरात बोल, बाजाराला ऐकू दे."

"देईन!" मी म्हणाले. बाजारात माझा आवाज पहिल्यांदा निघाला तो तेव्हा.

मला खोटं बोलता येत नाही, म्हणून घरी जावेला खरं सांगितलं. तेच नडलं. ती म्हणाली, "तिच्या पैशाच्या गोळ्या खायच्या मी?" दवाखान्यात नर्सने समोर उभं राहून पहिली कॅप्सूल गिळायला लावली, ती तिने गिळली. त्या दिवशी तिला काहीच झालं नाही. रात्री जेवलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी पुढे केली तर तिने ती बंद करून माझ्या हातात दिली.

"ठेव. पुढच्या डोसाला होतील. म्हणजे तिच्याकडे परत जायला नको."

"डॉक्टरांनी तीन दिवस सांगितलंय ना, बाय?"

"मळमळतच नाहीये तर खाऊ कशाला? उरलेला माल बर्फात ठेवतो की नाही आपण?"

ठेवतो. रोज ठेवतो. उरलेलं फुकट घालवायचं नाही, उद्याच्या पाटीवर लावायचं, ह्यावर आमचं घर चाललेलं आहे. मी डबी साखरेच्या डब्यामागे ठेवली.

दुपारनंतर तिला जे सुरू झालं ते दोन दिवस थांबलं नाही. गोळी द्यावी तर पाणीसुद्धा बाहेर येई. आणि वास. सगळ्यात वाईट ते होतं. जन्म मासळीत गेला तिचा, आणि आता तिला मासळीचा वास सहन होईना. मी बाजारातून आले की लिंबाने हात चोळून, साडी बदलून दारातच बसायचे, तरी ती आतून म्हणायची, "जा गं, लांब जा." शेवटी तिला उभं राहता येईना, तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. भरती करून सलाइनवर सलाइन लावली. घाईत गाठलेला तो जवळचा खाजगी दवाखाना होता, तिथे आमचं कार्ड चाललं नाही. दोन कॅप्सुला वाचवल्या आणि बिल आलं ते अशा कितीतरी डब्यांचं. ते भरायला मी पुन्हा म्हातारीसमोर उभी राहिले. ह्या वेळी ती काही टोचून बोलली नाही, त्याचीच मला भीती वाटली.

घरी आल्यावर जाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बस झालं. पुढचा डोस मी घेणार नाही."

दिराने समजावलं. तिच्या लेकीने रडून पाहिलं. ती ऐकेना. "मरायचं तर जेवून मरेन. ओकून नाही मरणार." डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवत होतं, की ऑपरेशनने गाठ काढली तरी हे डोस पुरे झाले नाहीत तर ती परत येऊ शकते. तिला जबरदस्तीने कुणी नेऊ शकलं नसतं. तिला कुणी कधी कुठे जबरदस्तीने नेलेलंच नाही.

मी दुसऱ्या दिवशी ओटा बंद ठेवला आणि एकटी केमोच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या दाराबाहेर मी काय बोलायचं ते मनात घोळवत होते, पण आत गेल्यावर सगळं एकदम बाहेर पडलं, की गोळ्या ठेवून दिल्या, ओकाऱ्या झाल्या, आता येत नाही म्हणते. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "या औषधाच्या ओकाऱ्या दोनदा येतात. एकदा त्याच दिवशी, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पुढच्या दोन कॅप्सुला त्या दुसऱ्या लाटेसाठी होत्या. ओकारी सुरू झाल्यावर गोळी देऊन उपयोग थोडा, येण्याआधी द्यायची. पण ठेवून का दिल्या?"

"महाग आहेत म्हणून."

"मग हे आधी सांगायचं ना."

"विचारायला लाज वाटली."

ते हसले नाहीत, म्हणून मला पुढे विचारता आलं. मी विचारलं, सगळ्या केमोवाल्यांना एवढ्याच महाग गोळ्या लागतात का? ते म्हणाले, नाही. ज्या केमोने ओकाऱ्या जास्त होतात तिला दोन-तीन तऱ्हेच्या गोळ्या एकदम द्याव्या लागतात, हलक्या केमोला एक साधी गोळी पुरते. जावेचे चार डोस जड आहेत. त्यानंतर औषध बदलणार, तेव्हा ही डबी बहुतेक लागणारही नाही. म्हणजे खर्च शेवटपर्यंत असाच चढत जाणार नव्हता. हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही समोर अख्खा डोंगर धरून बसलो होतो.

मग त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. कंपनीचं नाव न लिहिता आतल्या औषधाचं नाव लिहिलं आणि सांगितलं, कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालेल. सलाइनमधून द्यायचं ओकारीचं इंजेक्शन बदललं. ते जास्त दिवस पुरणारं होतं आणि दवाखान्यातच टोचायचं असल्यामुळे कार्डात बसत होतं. शिवाय रात्री घ्यायची एक जुनी, अगदी स्वस्त गोळी वाढवली. "हिने झोप येईल, येऊ दे. ओकारीवर चांगली आहे. बाकीचं खाली औषधांच्या खिडकीत बाई आहेत, त्यांना विचारा."

खिडकीसमोर रांग होती. माझा नंबर आला.

"बोला मावशी, काय देऊ?"

"द्यायचं नाही. विचारायचंय. एकाच गोळीचे दोन भाव का?"

मागचा माणूस म्हणाला, "मावशी, बाजार आहे का हा?"

मी मागे वळले. "बाजारातूनच आलेय. भाव विचारल्याशिवाय मी कोणाला घेऊ देत नाही, मीपण घेत नाही."

हे मी बोलले. कसं बोलले माहीत नाही. महिनाभर एकटीने ओट्यावर बसून माझा घसा सुटला असणार.

खिडकीतल्या बाईंना हसू आलं. त्यांनी दोन डब्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "मोठ्या अक्षरातलं नाव सोडा. त्याच्याखाली बारीक अक्षरं आहेत ती बघा." मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकार जुळवता येतात. मी एका डबीवर बोट ठेवून एकेक अक्षर दुसऱ्या डबीशी जुळवलं. सगळी अक्षरं तीच. पुढचा आकडाही तोच.

बाई म्हणाल्या, आधी हे औषध एकच कंपनी करायची, तेव्हा ती म्हणेल तो भाव. आता बऱ्याच कंपन्या करतात. काहींचं नाव मोठं, जाहिरातीला आणि डॉक्टरांकडे फिरणाऱ्या माणसांना खर्च करतात, डबी चकचकीत करतात, ते सगळं भावात येतं. आणि डबीवर छापलेला भाव म्हणजे त्याच्या वर घ्यायचं नाही एवढंच. खाली कितीही देता येतं. कुणी दुकानदार कमी करतो, कुणी करत नाही. सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानात आणखी कमी पडतं, एक बोरीवलीला आहे.

"पण शिळं नाही कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी डबी उलटी केली. "कधी केलं आणि कधीपर्यंत चालेल, दोन्ही छापलेलं असतं. दोन्हींचं बघा."

मला फार बरं वाटलं. मासळीच्या पाठीवर असं कुणी छापलं असतं तर आमचं निम्मं भांडण कमी झालं असतं.

मी तशीच बोरीवलीला गेले आणि डबी घेतली. दुकानदाराकडून बिल घेतलं, बारीक अक्षरं चिठ्ठीशी जुळवली, तारीख बघितली. पहिल्या डबीला जे मोजले त्याच्या कितीतरी कमी. उरलेल्या पैशात मी लिंबं घेतली.

घरी जावेने डबी बघितली आणि परत भिंतीकडे वळली. "स्वस्तातलं आणलंस? आधी महागातलं खाऊन ही गत, आता शिळं खाऊ?"

मी तिच्याजवळ बसले. हात लिंबाने धुतले होते, तरी बेताने बसले.

"बाय, हायवेवर ते एसीचं मासळीचं दुकान झालंय, त्याला तू रोज शिव्या घालतेस."

"मग? घालणारच."

"का?"

"का म्हणजे? आपल्याच बंदरावरून, आपल्याच बोटीचा माल उचलतो. प्लास्टिकच्या थाळीत घालतो, वरून चिकटपट्टी लावतो आणि दुप्पट घेतो. सोसायटीवाले गपचूप देतात. मासा तोच, मूर्खांनो! चिकटपट्टीचे पैसे देताय!"

ती बोलता बोलता उठून बसली होती. किती दिवसांनी तिचा तो आवाज घरात निघाला. मी दोन डब्या तिच्या मांडीवर ठेवल्या, एक पहिल्या डोसाची रिकामी आणि एक नवी, आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तीही अक्षरं जुळवू लागली. ती शाळेत गेलेली नाही, पण तिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. मग मी डबी उलटी करून तारीख दाखवली.

"हे कल्ले," मी म्हणाले.

तिने दोन्ही डब्या शेजारी शेजारी धरल्या.

"म्हणजे मी चिकटपट्टीचे पैसे दिले?"

"दोघींनी दिले."

"आणि तिच्याकडून घेऊन दिले." ती एकदम हसायला लागली आणि हसताना तिला मळमळलं, मी बादली पुढे केली, पण काही आलं नाही. मग ती म्हणाली, "तू एवढं कधीपासून बोलायला लागलीस गं?"

"तू गप्प झालीस तेव्हापासून."

तिसऱ्या डोसाला ती स्वतःच्या पायाने रिक्षात बसली. कॅप्सुला तिन्ही दिवस घेतल्या. ती नको म्हणाली असती तरी मी दिल्या असत्या, पण ती नको म्हणाली नाही. जुन्या स्वस्त गोळीने तिला अशी झोप लागली की लेक दोनदा येऊन श्वास बघून गेली. मळमळ झाली. नाही झाली असं मी म्हणणार नाही. पण भात पोटात राहिला आणि सलाइन लावावं लागलं नाही. चौथा डोसही तसाच गेला. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध बदललं, आणि ती महाग-स्वस्त कुठलीच डबी लागली नाही, एक साधी गोळी पुरली.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या. मी आता ओट्यावर पुढे बसते. माझा आवाज दुसऱ्या दारापर्यंत जात नाही, पण तिसऱ्या ओट्यापर्यंत जातो, आणि तेवढ्यावर पाटी रिकामी होते. रोजच्या विक्रीतून म्हातारीचे थोडे थोडे देत गेले. बाजारात एक-दोन जणींनी आपल्या माणसांच्या चिठ्ठ्या मला दाखवल्या. मी एवढंच सांगते, डॉक्टरांना विचार, आतल्या औषधाचं नाव लिहून घे, आणि घरी न्यायच्या गोळ्या संपव, ठेवू नको. बाकी मला कळत नाही आणि मी कळल्याचा आव आणत नाही.

जाऊ बाजारात परत आली तेव्हा डोक्यावर केस नुकते उगवत होते, त्यावर तिने पदर घट्ट बांधला होता. दारातच ती थांबली. मला वाटलं, वासाने मागे फिरेल. तिने खोल श्वास घेतला, परत घेतला, आणि सरळ समोरच्या ओट्यावर गेली. शेवटचे राहिलेले पैसे तिने माझ्याकडून मागून घेतले होते. ते म्हातारीच्या हातात ठेवले.

म्हातारीने अंगठा ओला करून नोटा मोजल्या. परत मोजल्या.

"पुरे आहेत," ती म्हणाली. "ओकतेस अजून?"

"नाही."

"मग जा, बस. आणि पाणी हळू मार."

जाऊ आमच्या ओट्यावर आली, पहिला तांब्या उचलला आणि मासळीवर चांगला मोठा शिपका मारला. पाणी उतारावरून तिकडे निघालं. समोरून शिव्या सुरू झाल्या. पैसे सगळे फिटले होते.